शंभरात शंभर

रुग्णालयाच्या तळघरात रक्त तपासायची खोली होती. तिथे खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर ऊन आहे की ढग हे कुणी वरून आलं तरच कळायचं. त्या खोलीत नळीबाई काम करायची. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण सकाळपासून हातात रक्ताच्या नळ्या असल्यावर दुसरं कोणतं नाव पडणार? तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नवरा सुतार होता आणि त्यालाही सगळे सुतारच म्हणत. "आपल्या घरात नावाने हाक मारण्याजोगं कुणीच नाही," असं तो हसून म्हणायचा. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावर आता दोघंही बोलत नसत.

तळघरात एका विषाणूला मात्र टोपणनाव होतं. त्याचं खरं नाव सायटोमेगॅलोव्हायरस. एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला, म्हणून डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणत. तळघरातली मंडळी त्याला घरजावई म्हणत, कारण एकदा आला की जन्माचा मुक्काम. लहानपणी कधीतरी कुणाच्या उष्ट्या पेल्यातून, कुणी घेतलेल्या पाप्यातून तो अंगात शिरतो, दोन दिवस कणकण येते किंवा तीही येत नाही, आणि मग हा कोपरा धरून बसतो. माणूस धडधाकट आहे तोवर त्याचा काही उपद्रव नाही. माणूस खचला, अंगातली प्रतिकाराची ताकद गेली, की मग तो उठतो आणि हात धुऊन मागे लागतो.

हा घरजावई कुणाकुणाकडे आहे याचा अभ्यास तळघरात चालू होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. त्यांनी रुग्णालयातल्या माणसांचे गट पाडले होते: रक्तदाते, गरोदर बायका, डायलिसिसवरचे, किडनी बदललेले, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली बाळं. प्रत्येक गटात किती जणांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणा सापडतात ते मोजायचं. मोजायचं म्हणजे मॅडमनी विचार करायचा आणि नळीबाईने नळ्या फिरवायच्या.

अभ्यास सुरू झाला तेव्हा तिला मजा वाटली होती. मग एकेक निकाल यायला लागला आणि मजा गेली. रक्तदात्यांत दहातल्या नऊ जणांकडे होता. गरोदर बायकांत त्याहून थोडा जास्त. डायलिसिसवाल्यांत तर ज्याची नळी उघडावी त्याच्याकडे होताच. तपासणीच्या पट्टीत छोटे छोटे खळगे असत. ज्याच्या रक्तात खुणा असतील त्याचा खळगा पिवळा व्हायचा, नसतील त्याचा पाण्यासारखा राहायचा. नळीबाईसमोर पट्ट्यांमागून पट्ट्या पिवळ्या होत गेल्या. सगळेच पास होणार असतील तर परीक्षा घ्यायची कशाला, असं ती म्हणायची. हळूहळू तिने निकाल वाचणं सोडलं. ती तो नुसता उतरवून घ्यायची.

एका बाबतीत मात्र ती काटेकोर होती. रक्त घेण्याआधी ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का?" हो म्हणालं कुणी, की ती सुई खाली ठेवायची आणि त्याला परत पाठवायची. कारण साधं होतं. दुसऱ्याचं रक्त चढवलं की त्या दुसऱ्याच्या खुणाही अंगात येतात आणि काही आठवडे फिरत राहतात. तपासणीला त्या कुणाच्या हे कळत नाही. खळगा पिवळा होतो आणि माणसाकडे नसलेला घरजावई त्याच्या नावावर चढतो. या एका प्रश्नावरून तिने कितीतरी जणांची बोलणी खाल्ली होती. "एवढ्या लांबून आलोय, आणि परत जा म्हणता?" माणसं चिडायची. ती म्हणायची, "चुकीचं उत्तर घेऊन जाण्यापेक्षा उशिरा या." म्हणायचीही असं ठसक्यात, की पुढे कुणी वाद घालत नसे.

सुताराच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रंधा मारून मारून पाठ धरायची, आणि पाठ धरली की तो दुकानातून वेदनेच्या गोळ्या आणून खायचा. वर्षानुवर्षं खाल्ल्या. घरात रक्त तपासणारी बायको असून याचं रक्त कधी वेळेवर तपासलं गेलं नाही, आणि या गोष्टीवर नळीबाई स्वतःला पुरेशी बोलून झाली होती. आता तो आठवड्यातून तीनदा तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसला यायचा, चार तास यंत्राशेजारी पडायचा, आणि यंत्राच्या लाकडी टेबलाचे सांधे किती भिकार बसवलेत यावर सिस्टरला व्याख्यान द्यायचा.

किडनी द्यायला ताई पुढे आली. ताई म्हणजे सुताराची थोरली बहीण, नळीबाईची नणंद. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला वाढवलं होतं. शिवणकाम करून स्वतः उभी राहिली, लग्न केलं, नवरा वारला, पुन्हा शिवणयंत्रावर बसली. बाई फटकळ, पण भावावर जीव ओवाळून टाकणारी. "दोन कशाला लागतात मला?" ती डॉक्टरांना म्हणाली. "एक काढा. शिवायला हात लागतात, किडनी नाही." सगळं जुळलं. ताईच्या रक्तात घरजावई होता, पण तो तर सगळ्यांकडेच असतो.

सुताराची तपासणी राहिली होती. मधेच त्याच्या पोटातला व्रण फुटला, रक्ताची उलटी झाली, आणि त्याला महिन्याभरात चार पिशव्या रक्त चढवावं लागलं. त्या चारही पिशव्या नळीबाईने स्वतः खालून वर नेल्या होत्या. त्यातून तो सावरला आणि किडनीचे डॉक्टर म्हणाले, "आता उशीर नको. उरलेल्या तपासण्या करून टाका." त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी विचारलं, डायलिसिसच्या गटात एकच माणूस कमी पडतोय, शंभर भरायला कुणी आहे का. एका फेरीत दोन कामं होतील म्हणून नळीबाई तिसऱ्या मजल्यावर गेली.

सुतार यंत्राला जोडलेला होता. "आता आणखी टोचू नकोस गं," तो म्हणाला. "माझ्या हाताची चाळणी झालीय."

"टोचत नाही. यंत्राच्या नळीतूनच घेते थोडं."

"घे. आता माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलंय."

ती हसली आणि तिने रक्त घेतलं. प्रश्न तिने विचारला नाही. का विचारेल? परक्याला विचारायचा असतो तो प्रश्न. स्वतःच्या नवऱ्याला रक्त चढवलंय का हे कुणी विचारतं का, जेव्हा त्या पिशव्या आपणच उराशी धरून वर नेल्यात? तिला ते ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून ते त्या क्षणी तिच्या डोक्यातच आलं नाही. एखादी अनोळखी बाई तिथे काम करत असती तर तिने विचारलं असतं, आणि सुतार म्हणाला असता, हो, चार पिशव्या. एवढंच व्हायला हवं होतं.

खळगा पिवळा झाला. डायलिसिसचा शंभरावा माणूस, शंभरावा पिवळा खळगा. मोठ्या मॅडमना कोण आनंद झाला. "शंभरात शंभर!" त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. नळीबाईनेही प्यायला.

तो निकाल वर गेला आणि किडनीच्या डॉक्टरांनी त्यावरून हिशेब केला. घेणाऱ्याकडे विषाणू मुळातच नसेल आणि देणाऱ्याच्या किडनीतून पहिल्यांदा येणार असेल, तर धोका सगळ्यांत मोठा. अशा माणसाला पहिल्या दिवसापासून सहा महिने गोळ्या द्याव्या लागतात. पण घेणाऱ्याकडे तो आधीपासून असेल तर अंगाची त्याच्याशी जुनी ओळख असते, आणि नुसती नजर ठेवली तरी भागतं. त्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि सुताराच्या त्या आधीच कमी होत्या. "यांना गोळ्या नकोत," डॉक्टर म्हणाले. "लक्ष ठेवू." त्यांचं काही चुकलं नाही. हातात आलेल्या कागदावरून कुणीही शहाण्या डॉक्टरने हेच ठरवलं असतं.

शस्त्रक्रिया इतकी छान झाली, की सगळ्यांना उगाचच आपण कर्तबगार आहोत असं वाटायला लागलं. टेबलावरच किडनीने लघवी केली. ताई दुसऱ्या दिवशी पोट धरून, भिंतीचा आधार घेत भावाच्या खोलीच्या काचेशी येऊन उभी राहिली. "कशी आहे आमची धाकटी?" तिने विचारलं. किडनीला ती धाकटी म्हणायला लागली होती, सासरी पाठवलेल्या लेकीबद्दल विचारावं तशी. सुताराने आतून पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी उचलून तिला दाखवली. ती भरलेली होती. ताई रडली आणि हसताना टाके दुखले म्हणून तिने शिव्याही दिल्या.

घरी आल्यावर सुतार दोन महिने माणसात आला. तोंडाला चव आली. पाणी मोजून प्यायचं बंद झालं, तर हा पठ्ठ्या पेल्यावर पेले नुसतं पाणीच पीत बसायचा. ताईसाठी तो शिवणयंत्राचं नवं टेबल करायला बसला. रोज थोडं. नळीबाई ओरडायची, भुसा नाकात जाईल, मास्क लाव. त्याने मास्क लावला. सगळं ऐकलं त्याने. म्हणूनच पुढचं सोसत नाही.

ताप आला. मग जुलाब. पेशी खाली गेल्या. आठवड्याने दम लागायला लागला, जिना चढताना नव्हे, बसल्या जागी. त्याला पुन्हा दाखल केलं आणि रक्तात विषाणू किती आहे ते मोजलं, तर आकडा इतका मोठा आला की यंत्र बिघडलंय असं समजून नळीबाईने तो दोनदा काढला. यंत्र ठणठणीत होतं.

सुतार प्राणवायूच्या मास्कमधून म्हणाला, "घरजावई ना तुमचा? माझ्याकडे तर तो आधीपासूनच होता. ओळखीचा आहे. करून करून काय करणार?"

"काही करणार नाही," ती म्हणाली. "औषध सुरू झालंय."

औषध सुरू झालं होतं, शिरेतून. किडनीचे डॉक्टर रोज यायचे, छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरायचे आणि ओठ आवळायचे. एके दिवशी दुपारी ते खोलीबाहेर तिच्याशी बोलत उभे राहिले. माणूस चांगला होता, तिच्यापासून काही लपवत नसे. "मला कळत नाही," ते म्हणाले. "जुना विषाणू उठतो तेव्हा असा उठत नाही. अंगाला त्याची अजिबात ओळखच नाही असं वागतंय सगळं. पहिल्यांदाच आल्यासारखं."

नळीबाईने मान डोलावली. डॉक्टर पुढच्या रोग्याकडे गेले. ती तिथेच उभी राहिली, आणि त्या चार पिशव्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. गार होत्या त्या, आणि नेताना तिने पदराखाली धरल्या होत्या. कठड्याला धरून ती जिन्यावर बसली. वरून येणारी एक बाई "बरं नाही का हो?" म्हणाली, तर ती "बरंय, बरंय" म्हणाली आणि उठून खाली गेली.

तळघरातल्या शीतकपाटात सगळ्यांत खालच्या खणात एक डबा असायचा. नवीन तपासणीचा संच आला की तो आधी घरच्या रक्तावर करून बघायची त्यांची पद्धत होती. स्वतःचं, सोबत काम करणाऱ्यांचं, नवऱ्याबायकांचं रक्त काढून, त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करून त्या डब्यात गोठवून ठेवलेलं असायचं. सुताराचीही एक नळी त्यात होती. काविळीचा संच आला होता तेव्हाची. त्या वेळी तो धडधाकट होता, कुणाचं थेंबभर रक्त त्याच्या अंगात गेलेलं नव्हतं. ती नळी घरजावयासाठी कधी कुणी तपासली नव्हती. गरजच काय होती?

तिने नळी हातात धरून वितळवली. पट्टी काढली. एका खळग्यात ताईचं, एका खळग्यात सुताराचं, आणि शेजारी पडताळणीसाठी संचासोबत येणारे नमुने. मग वेळ भरेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. खरं सांगायचं तर त्या वेळात ती देवाची प्रार्थना करत होती, की पिवळं होऊ दे. नवऱ्याला आजार आधीपासून असू दे, अशी प्रार्थना करणारी ती बहुधा जगातली एकटीच बायको असेल. ताईचा खळगा पिवळा झाला. सुताराचा पाण्यासारखा राहिला. तिने पुन्हा केलं. पुन्हा पाणी.

इतकी माणसं तपासली, आणि डायलिसिसच्या अख्ख्या गटात ज्याच्याकडे घरजावई नव्हता असा एकच माणूस निघाला. तो तिच्या घरात राहत होता.

ती तडक मोठ्या मॅडमकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मॅडमनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मग त्यांना गटातून काढावं लागेल." म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. उठून त्यांनी नळीबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "सवयीने बोलले. तू बस. पाणी घे."

"मला ओरडा," नळीबाई म्हणाली.

"ओरडून काय होणार आहे?"

काहीच होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तरी तिला हवं होतं. मॅडमनी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही शांतपणे ऐकून घेत असावेत, कारण मॅडम मधेच म्हणाल्या, "हो, उपचार तर तेच राहतील." फोन ठेवून त्यांनी तिला तेच सांगितलं. औषध तेच, मात्रा तीच. आधी कळलं असतं तर वेगळं असतं. सगळे तिच्याशी इतक्या सांभाळून बोलत होते, की तिला वाटलं, कुणीतरी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

औषधाने विषाणू थोडा मागे हटला आणि पांढऱ्या पेशी मात्र तळाला गेल्या. मग छातीत बुरशी धरली. हे सगळं एकामागोमाग होत गेलं. एक दार लावावं तर दुसरं उघडत होतं. किडनी तेवढी काम करत होती. बाकी सुतार पलंगावर विरत चालला होता आणि लघवीची पिशवी वेळच्या वेळी भरत होती.

ताई रोज येऊन बसायची. पण तिने जेवणाचा डबा उघडणं सोडलं होतं. झोपत नव्हती. नळीबाईला वाटलं, भावाच्या काळजीने असेल. ते तर होतंच. पण एक दिवस दुपारी, सुतार गुंगीत होता तेव्हा, ताईने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "एक विचारते. खोटं सांगू नकोस."

"विचारा ना ताई."

"बाहेर बाकावर एक जण बसतो, त्याच्या मुलाचीही किडनी बदललीय. तो म्हणतो हा रोग किडनीतून येतो. देणाऱ्याच्या अंगात असतो आणि घेणाऱ्याला लागतो." ताईचा आवाज एरवी भांड्यासारखा वाजायचा, आता जेमतेम ऐकू येत होता. "माझ्याकडून गेलं का गं त्याच्याकडे? मी दिलं का त्याला हे?"

नळीबाईने तिच्याकडे पाहिलं. साठी ओलांडलेली ही बाई. पोटावर अजून लाल असलेला वण. लहानपणी याला कडेवर घेऊन शिवणकाम शिकायला जायची, हे सुतार नेहमी सांगायचा. खरं उत्तर एका अक्षराचं होतं, आणि ते दिलं की ताई इथून उठून घरी जाणार, शिवणयंत्रापुढे बसणार, आणि मरेपर्यंत स्वतःला भावाची मारेकरीण समजणार. तिची चूक काय होती? तिने फक्त दिलं होतं. चूक करणारी वेगळीच होती, पण हे तिला पटणार नव्हतं. कुणाच्या किडनीतून आलं एवढंच तिच्या डोक्यात राहणार होतं.

"नाही ताई," नळीबाई म्हणाली. "तुमचा काही संबंध नाही. त्याच्याकडे ते आधीपासूनच होतं."

"खरं?"

"मीच तपासलं होतं ऑपरेशनच्या आधी. सगळ्यांकडेच असतं. डायलिसिसवरच्या शंभर जणांत शंभर निघाले."

हे तिने तिच्या त्या कामातल्या ठसक्यात सांगितलं. ताईने डोळे मिटले. मग तिने पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ गदगदत राहिली. "मी मेले होते गं," ती म्हणाली. "आठ दिवस मेले होते मी." मग तिने पिशवीतून डबा काढला, गार झालेलं जेवण निमूट जेवली, आणि भिंतीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं टाकून, दमलेल्या पोरासारखी. नळीबाईला त्या क्षणी, एवढ्या सगळ्यात, आपण एक तरी गोष्ट बरी केली असं वाटलं.

ताई जागी झाली तेव्हा दिवस कलला होता. तिने तोंड धुतलं, केस सारखे केले. माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं की डोकं चालायला लागतं, आणि ताईचं डोकं मुळात चांगलंच चालायचं. भावाकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं."

नळीबाईने सुताराचा हात हातात घेतला.

"तू तपासलंस. त्याच्या अंगात हे आहे हे तुला माहीत होतं. किडनी बदलली की अंगातली ताकद जाते, तेव्हा हे उठतं, हेही तुला माहीत असणार. तुझं कामच ते."

"हो."

"त्या बाकावरच्या माणसाच्या मुलाला गोळ्या देतायत. सहा महिने. हा रोग होऊ नये म्हणून. मग याला का नाही दिल्या?"

"डॉक्टरांनी ठरवलं ताई. त्याच्या पेशी कमी होत्या."

"डॉक्टरांना काय," ताई म्हणाली. "त्यांना अशी शंभर माणसं. तुला एकच होता."

यावर खरं उत्तर होतं. ते नळीबाईच्या अगदी ओठांशी आलं. पण ते सांगायचं तर मघाचं खोटं मागे घ्यावं लागणार होतं, आणि समोरची बाई आत्ता कुठे आठ दिवसांनी जेवून झोपून उठली होती. नळीबाईने सुताराचा हात घट्ट धरला. ताई उठली. सुताराचा जो हात नळीबाईच्या हातात होता, तो तिने हळूच सोडवून घेतला, जसा झोपलेल्या मुलाच्या हातातून कात्री सोडवून घ्यावी तसा, आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला खुर्ची नेऊन तो आपल्या मांडीवर ठेवला. त्यानंतर ती नळीबाईशी बोलली नाही.

सुतार त्यानंतर थोडेच दिवस होता. श्वासाच्या यंत्रावर घातल्यावर बोलणं संपलंच. एका सकाळी नाडीचं यंत्र एकसारखं वाजायला लागलं, आणि सिस्टरने ते हात लांब करून बंद केलं. नळीबाई पलंगाच्या एका बाजूला होती, ताई दुसऱ्या बाजूला. ताई भावाला हाका मारत होती, त्याच्या लहानपणीच्या नावाने, जे नळीबाईनेही कधी ऐकलेलं नव्हतं.

घरी माणसं येऊन बसली. नातलग, शेजारी, सुताराच्या कामाची जुनी गिऱ्हाइकं. समोरच्या खोलीत अर्धवट टेबल तसंच होतं, त्यावर कुणीतरी पाण्याचे पेले मांडले होते. ताई भिंतीशी बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. आवाज तिचा परत आला होता. "माझी किडनी शेवटपर्यंत चालत होती. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं मला. माझ्याकडून काही कमी पडलं नाही. रोग त्याच्या अंगात आधीपासूनच होता." इथे ती थांबायची, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची. "आणि हे घरात माहीत होतं."

नळीबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याच्याने बसवत नव्हतं म्हणून ती सगळ्यांना चहा देत होती. तिच्या माहेरची एक चुलती आली होती. म्हातारी, पुतणीची बाजू घेणारी. ती कळवळून म्हणाली, "काय बोलतात या? तू सांग की त्यांना. माहीत असतं तर तू गप्प बसली असतीस का? तुला खरंच माहीत होतं का गं?"

खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. ताईसुद्धा. ताईच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या खाली, फक्त नळीबाईलाच दिसावी अशी, भीती होती. नाही असं उत्तर आलं तर मग हे आलं कुठून, याची.

"हो," नळीबाई म्हणाली. "माहीत होतं."

चुलतीने हातातला कप खाली ठेवला.